खिळ्याकडे बघा

डोळा परत आला.

आम्ही नकली डोळे करतो, आणि ते परतच येत नाहीत असं नाही. कधी कड टोचते, कधी पापणी पुरती मिटत नाही, कधी कुणी तोंड धुताना बेसिनमध्ये पाडून टवका उडवून आणतं. पण मी रंगवण्यात चुकले म्हणून परत आलेला डोळा मला आठवत नाही. हे मी नाक वर करून सांगते, कारण अख्ख्या आयुष्यात नाक वर करावं असं माझ्यापाशी एवढंच आहे. म्हणून बागवाले समोरच्या खुर्चीत टेकले, टोपी मांडीवर ठेवली आणि चोरासारखं तोंड करून म्हणाले, “मॅडम, राग मानू नका, पण हा जरा मोठा दिसतो,” तेव्हा मला आधी रागच आला. मोठा म्हणजे काय? डोळा म्हणजे काय चप्पल आहे, एक नंबर मोठी निघायला? “कोण म्हणतं?” मी विचारलं. “सून म्हणते,” ते म्हणाले. “म्हणते, बाबा, तुमचा उजवा डोळा आमच्याबरोबर जेवायला बसलेला असतो आणि डावा कुणाची तरी वाट बघत असतो.” आणि हसले. ते हसले की उजव्या डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचा पंखा उघडतो. डाव्या बाजूलाही उघडतो, पण तिथं जखमेचा व्रण असल्यामुळे अर्धाच. हे सगळं मला पाठ होतं. कामाचा भाग म्हणून पाठ होतं, असं मी स्वतःला सांगत होते.

बागवाले म्हणजे शहरातल्या मोठ्या बागेचे मुख्य. आमच्या साचेवालीनं पहिल्याच दिवशी त्यांना हे नाव दिलं आणि तेच चिकटलं. साचेवाली म्हणजे माझी सहकारी. ती खोबणीचा साचा घेते, मी रंगवते. शिवाय कुणाच्या घरात काय शिजतंय हे तिला ठाऊक असतं, ते काम तिला कुणी सांगितलेलं नाही. एक वाळकी फांदी उतरवताना भलतीच फांदी सुटून बागवाल्यांच्या डोळ्यावर बसली होती. “झाडाचा काही दोष नाही, मीच मध्ये उभा होतो,” असं ते सांगायचे, जणू झाडाच्या कानावर गेलं तर त्याला वाईट वाटेल. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलाच्या घरात एक खोली, खिडकीत कुंड्या. डोळा तयार होईपर्यंत ते कितीदा तरी येऊन बसले, कारण आमचं काम घाईचं नाही. नखाएवढी चकती घ्यायची, तिच्या मधोमध काळा ठिपका द्यायचा, ती बाहुली. मग तिच्याभोवती एकेक रेघ, एकेक थर. पांढऱ्या भागात लाल रेशमाचे धागे सोडायचे, त्या शिरा. मग वरून पारदर्शक थर आणि घासून घासून चकाकी. पेशंट समोर असतो, त्याचा चांगला डोळा बघून मी दुसरा रंगवते. सगळ्यात अवघड बाहुली, कारण खरी बाहुली दिवसभर लहान-मोठी होत असते आणि आमची एकदा रंगवली की जन्मभर तेवढीच. तेव्हा माणसाच्या साऱ्या दिवसांतून मधलं एक माप निवडायचं. त्यासाठी माझ्या मास्तरांनी माझ्या कानामागच्या भिंतीवर एक खिळा ठोकून ठेवला होता. मास्तर गेले, खिळा राहिला. “पेशंटला म्हणायचं, खिळ्याकडे बघा,” ते सांगायचे. “जीव जडला की बाहुली पसरते, भीतीनंही पसरते. खिळ्यावर कुणाचा जीव जडलेला नसतो आणि खिळ्याला कुणी भीत नसतं. खिळ्याकडे बघणारी बाहुली खोटं बोलत नाही.”

मी मापपट्टी घेतली. “खिळ्याकडे बघा.” ते बघायला लागले. त्यांची जिवंत बाहुली माझ्या रंगवलेल्या बाहुलीपेक्षा चांगली मिलिमीटरभर लहान भरली. आमच्याकडे मिलिमीटरभर म्हणजे सरळ नापास. इतक्या वर्षांची मी, शिकाऊ बाईनं करू नये ती चूक केलेली. नीट बघावं म्हणून खुर्ची पुढं ओढली आणि तशी मी खिळ्याच्या आड आले. त्यांनी खिळा सोडला आणि माझ्याकडे बघितलं. जवळचं बघताना बाहुली आकसते, हा नियम आहे, पहिल्या आठवड्यात शिकवतात. ही आकसली नाही. ही जवळ बघताना हळूहळू पसरली, पसरत पसरत माझ्या रंगवलेल्या बाहुलीएवढी झाली आणि तिथं थांबली. दोन्ही डोळे एक झाले. इतकी हुबेहूब जोडी मी आजवर जमवली नव्हती. मी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं, परत वळले. तीच जोडी. मग मला कळलं, की ते इतके दिवस खिळ्याकडे बघतच नव्हते. मी चकतीवर वाकलेली असायचे, मान वर करून बघायचे तेव्हा ते माझ्याकडे बघत असायचे, आणि मी जे दिसलं ते इमानदारीनं रंगवलं. डोळा चुकला नव्हता. फक्त तो एकाच माणसासाठी बरोबर होता, आणि ते माणूस मी होते. मी उठले आणि बेसिनपाशी जाऊन हात धुतले. हात स्वच्छ होते. तरी धुतले, साबण लावून धुतले.

“माझीच चूक आहे,” मी पाठमोरी म्हणाले. “दुसरा करून देते.” “घाई नाही,” ते म्हणाले, आणि लगेच, “म्हणजे आहे. महिनाअखेर मी जातोय.” डोंगरावर सरकारी रोपवाटिका आहे, तिथलं काम त्यांनी मागून घेतलं होतं. दोन खोल्यांचं घर, मागं उतार, पाणी झऱ्याचं. ते सगळं टोपीला सांगत होते. “एका खोलीला उत्तरेची खिडकी आहे. चांगली मोठी,” ते म्हणाले. मला उत्तरेचाच उजेड लागतो हे मी त्यांना कधीतरी बोलता बोलता सांगितलं असेन. “खाली यायला सकाळची बस आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस कुणाला यायचं-जायचं असेल तर जमतं. मी चौकशी केली.” त्यांनी टोपी उलटी केली, परत सुलटी केली. “मला काही फार बोलता येत नाही, बाई. तुम्ही आलात तर मला आवडेल. आत्ता सांगू नका. मी फक्त विचारून ठेवतो.” विचारून ठेवतो! जशी एखादी छत्री ठेवून जावी. मी म्हटलं, “घरी माझी ताई असते.” “ठाऊक आहे. त्यांनाही विचारा.” “तिचे गुडघे गेलेत. तिला चढ झेपायचा नाही.” “बरं,” ते म्हणाले, आणि टोपी घातली. त्या ‘बरं’मध्ये राग नव्हता, रुसवा नव्हता. थोडा असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी मी नेहमीच्या रस्त्यानं घरी निघाले, आणि नेहमीच्या रस्त्यावरचं काही म्हणजे काही मला ओळख देईना. लाँड्रीच्या दारात वाफ, चाव्या करणाऱ्याच्या टपरीवर ते किरकिरणारं यंत्र, शाळेच्या भिंतीला टेकवलेल्या सायकली. मला जायचं होतं. हे इतकं सरळ माझ्या मनात आलं की मी पदपथावर थांबलेच, मागून येणारा माणूस आदळता आदळता राहिला आणि “बाई, झोपेत चालता काय?” म्हणून गेला. मला त्या उताराच्या घरात जायचं होतं. सकाळी उठून खिडकीपाशी चकती घेऊन बसायचं होतं आणि मागच्या उतारावर कुणीतरी रोपांना पाणी घालतंय याचा आवाज ऐकायचा होता. बस. एवढंच हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की दात दुखावा तसं दुखत होतं. या वयात! केस रंगवायचे की नाही यावर जिथं माझं एकमत होत नाही, तिथं हे काय भलतंच? आणि लगेच मागोमाग दुसरा आवाज, तो तर माझ्या घरचाच: आपल्यापुरतं बघणारी. आमच्या नात्यात याहून मोठी शिवी नव्हती. चोर परवडला, दारुडा परवडला, पण आपल्यापुरतं बघणारं माणूस म्हणजे संपलंच. मी कधी आपल्यापुरतं बघितलं नाही. कशी बघणार? माझ्यासाठी कुणीतरी आधीच आपल्यापुरतं बघायचं सोडून बसलं होतं.

ती गोष्ट आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे. आई-बाबा एकाच वर्षात गेले तेव्हा मी शाळेत होते आणि ताई नुकती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागलेली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा फळा, हातात वायरी. इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून द्यायचा. दुसऱ्या एका शहरातल्या एक्स्चेंजमध्ये तिच्यासारखाच एक जण होता. त्याला आम्ही ‘पलीकडचा’ म्हणायचो. लाइन लागेपर्यंत दोघं बोलायची. पलीकडचा विनोदी होता, पलीकडचा गायचा, पलीकडच्याला तिकडचं हवामान ताईला सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही. मग त्यानं मागणी घातली, इकडे ये म्हणाला, आणि ताई गेली नाही. “धाकटीसाठी सगळ्यावर पाणी सोडलं पोरीनं,” असं आत्या म्हणायची, मामा म्हणायचा, जिन्यात भेटणाऱ्या शेजारणी म्हणायच्या आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या. त्या हाताचं वजन माझ्या टाळूला अजून आठवतं. मला वाटायचं, मी जो घास गिळते तो ताईच्या ताटातला आहे. म्हणून पुढं माझी लग्नं जमवायला लोक आले तेव्हा मी एकेकाला पद्धतशीर कटवलं. हा फार बुटका, तो फार बोलतो, त्याच्या बुटांना वास येतो. ताईनं माझ्यासाठी सोडलं, मी ताईसाठी सोडणार, फिटंफाट. आता ती रिटायर होऊन गुडघे चोळत बसते आणि मी तिच्यासोबत बसते. मी गेले तर तिच्या त्या सोडण्याला अर्थ काय उरला? तिनं काय मला डोंगरावर पाठवण्यासाठी पलीकडच्याला सोडलं?

मात्र एक गोष्ट या सगळ्यात बसायची नाही. रात्रपाळी करून ताई सकाळी घरी यायची ती गुणगुणत यायची. जिन्यातूनच ऐकू यायचं. मग मला दूध देता देता रात्रीचे सगळे आवाज करून दाखवायची. “हॅलो, मी मोठा साहेब बोलतोय,” म्हणणारा मोठा साहेब, दर दोन वाक्यांना “ऐकू येतंय ना?” विचारणारी सासू, बायकोला घाबरून कुजबुजणारा व्यापारी. मी इतकी हसायचे की दूध नाकातून यायचं आणि ताई म्हणायची, “शी! म्हैस कुठली!” माझं लहानपण म्हणून मला आठवतं ते हेच, ती सकाळ, ते नाकातून आलेलं दूध. इतर अनाथ पोरं गोष्टींत असतात तशी मी कधी कोपऱ्यात बसून रडले नाही. मला वेळच मिळाला नाही. पुढं मोठेपणी मी याचा असा अर्थ लावला की बघा, दुःख पोटात ठेवून माझ्यासाठी हसत होती बिचारी. तो अर्थ इतका शोभणारा होता की मी तो परत कधी तपासला नाही.

घरी गेल्यावर जेवणं झाली आणि ताईनं सफरचंद कापलं. ही आमची पद्धत. दोघींत एक सफरचंद, बशीत फोडी. मी लहान होते तेव्हा शेवटची फोड ताई माझ्यासाठी ठेवायची. मी कळती झाल्यापासून मी ती तिच्यासाठी ठेवते. ती म्हणते, “घे की.” मी म्हणते, “तू घे.” “मला नको, पोट भरलं.” “माझं काय रिकामं आहे?” मग फोड बशीत राहते, तपकिरी पडते, आणि सकाळी मी ती खिडकीतल्या कुंडीत टाकते. वर्षानुवर्षं. ती कुंडी आमच्या दोघींच्या चांगुलपणावर पोसलेली आहे आणि तरी तिला मेलीला एक फूल येत नाही. त्या रात्रीही फोड राहिली. मी ताईच्या चेहऱ्याकडे बघत होते, सांगावं की नाही, कुठून सुरू करावं. “माझ्या डोळ्यांत काय बघतेस टकामका?” ती म्हणाली. “मी काही तुझं गिऱ्हाईक नाही.” ही माझी खोड. मी जगात कुणाशीही बोलताना बाहुल्यांकडे बघते, दूधवाल्याच्यासुद्धा. “काही नाही,” मी म्हटलं. “कामावर जरा घोटाळा झाला.” “कसला?” “एकाची बाहुली मोठी रंगवली.” “मग लहान कर,” ताई म्हणाली. ताईला सगळं सोपं वाटतं.

मी लहान केली. तो दिवस मी विसरणार नाही. बागवाले आले, कोट खुंटीला अडकवला, खुर्चीत बसले, आणि मी म्हटलं, “या वेळी मात्र खिळ्याकडेच बघायचं.” माझा आवाज शाळामास्तरणीसारखा निघाला. त्यांनी मान डोलावली. त्यांना किती कळलं होतं कोण जाणे; पण मी खुर्ची बाजूला सरकवली, कडेनं बसले, आणि पुढचा सगळा वेळ ते खिळ्याकडे बघत राहिले. प्रामाणिकपणे, एखाद्याला पहारा द्यायला सांगावं तसे. मी कडेनं त्यांची बाहुली बघितली, लहानशी, शांत, आणि तेवढाच ठिपका चकतीवर दिला. मग भोवतीच्या रेघा. त्यांच्या डोळ्यात हिरवट तपकिरी रंग आहे आणि आतल्या कडेला एक पिवळी झाक, जी मला पहिल्या वेळी सापडायला फार वेळ लागला होता. आता हात आपसूक गेला. बाहेर साचेवाली फोनवर कुणाच्या तरी सुनेची बाजू घेत होती. आत फक्त ब्रश बशीला लागल्याचा आवाज. मध्येच ते खिळ्याला म्हणाले, “तिथं संध्याकाळी धुकं खाली उतरतं. घरातून बघितलं तर खालचं शहर दिसत नाही.” मी ब्रश परत रंगात बुडवला. एवढा वेळ एक माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता आणि माझ्याच सांगण्यावरून माझ्याकडे बघत नव्हता, आणि मला त्या गंजक्या खिळ्याचा हेवा वाटत होता. हसा, हसा. मलाही दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

पुढच्या खेपेला डोळा बसवला. त्यांनी खिडकीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, दारात आलेल्या साचेवालीकडे बघितलं. जोडी अगदी पक्की. “वा!” साचेवाली म्हणाली. “आता सूनबाई काय नाव ठेवते बघू.” ती गेली आणि मग ते माझ्याकडे वळले. उजवी बाहुली उघडली, नेहमीसारखी. डावी, मी केलेली, तिथंच राहिली, लहान, कामापुरती. साऱ्या जगासाठी तो डोळा आता बरोबर होता, आणि जगात एका माझ्यासमोरच विजोड होता. “झालं ना नीट?” त्यांनी विचारलं. “झालं,” मी म्हटलं. त्यांनी जुन्या डोळ्याकडे बोट केलं. “त्याचं काय करता?” “घासून टाकतो. माल परत वापरतो.” हे खोटं होतं, असं आम्ही काही करत नाही. त्यांनी निरोपाला हात पुढं केला, तो खरबरीत आणि गरम होता, आणि म्हणाले, “मी विचारून ठेवलंय, तेवढं लक्षात असू द्या.” ते गेल्यावर मी जुना डोळा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. का, ते विचारू नका.

रविवारी दुपारची जेवणं उरकली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भरपूर ऊन आत येत होतं, ताईच्या खुर्चीपर्यंत, कारण तिला गुडघे उन्हात ठेवायचे असतात. मी सफरचंद कापत होते. “चष्मा पुसायचं फडकं कुठाय गं तुझं?” म्हणत तिनं माझ्या पर्समध्ये हात घातला, आणि रुमाल निघाला, आणि रुमालातून डोळा. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. ताईनं तो चिमटीत धरून उन्हात फिरवला. “कामाचा माल घरी आणायला कधीपासून लागलीस? कुणाचा हा?” “टाकाऊ आहे,” मी म्हटलं. “चुकलेला.” “चुकलेला कसा? चांगला जिवंत आहे की. कुणाकडे तरी बघतोय बघ कसा.” तिनं तो टेबलावर ठेवला, नेमका माझ्याकडे तोंड करून. “कुणाकडे बघतोय?” आणि मी सुरी खाली ठेवली आणि रडायला लागले. ठरवून काही नाही, शिंक यावी तसं आलं. मग सगळं सांगितलं. खिळा, बाहुली, रोपवाटिका, उत्तरेची खिडकी, सकाळची बस. ताईनं ऐकता ऐकता सुरी उचलून उरलेलं सफरचंद कापलं.

“मग?” ती शेवटी म्हणाली. “काय सांगितलंस त्याला?” “काय सांगणार? तुझे गुडघे…” “थांब!” तिनं टेबलावर हात आपटला, डोळा डगमगला. “माझे गुडघे कुणी मध्ये घातले? मी जिने उतरते, बाजार करते, खालच्या चौघीजणींना पत्त्यांत रडवते. माझ्या गुडघ्यांच्या आड लपू नकोस हं, आधीच ते दुखतात.” “ताई, तू माझ्यासाठी सगळं सोडलंस, आणि मी आता आपल्यापुरतं…” “मी काय सोडलं?” तिनं विचारलं. आणि तिनं खरंच विचारलं, त्याग केलेलं माणूस नम्रपणे विचारतं तसं नाही. मी म्हटलं, “पलीकडच्याला.” ताई माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. “अगं म्हैस! मला त्याच्याकडे जायचं नव्हतंच! मला तो हेडफोनमध्ये आवडायचा. रात्री सगळं शहर झोपलेलं, कानात त्याचं ते हवामान, काय बहार होती! तो बनियन घालून घरात फिरतोय आणि मोजा कुठाय विचारतोय, हे डोक्यात आलं की मला नकोसं व्हायचं. मला ती नोकरी हवी होती. त्या वायरी, ते आवाज. मला हवं तेच मी केलं.” “पण सगळे म्हणायचे…” “म्हणायचे. आणि मी म्हणू दिलं. त्यागी ताई म्हणून मान मिळत होता, फुकटचा. कोण सोडतं? पुढं तू इतकी भक्तिभावानं बघायला लागलीस की सांगायची सोय राहिली नाही.”

माझं अख्खं आयुष्य ज्या खुंटीवर टांगलेलं, ती खुंटी भिंतीत नव्हतीच. मला आधी राग आला, मग काय वाटलं ते सांगता येत नाही. ते बुटके, ते बोलके, ते वासाच्या बुटांचे, सगळे आठवले. “म्हणजे तू माझ्यासाठी काहीच केलं नाहीस?” मी विचारलं, आणि हा प्रश्न किती वेड्यासारखा आहे हे विचारता विचारताच कळलं. ताईनं चष्मा परत घातला. आता ती हसत नव्हती. “केलं की. सकाळी घरी खुशीत आले. दुसरं काय लागतं पोराला? कुढत आले असते, तुझ्यासाठी हे सोडलं, तुझ्यासाठी ते सोडलं, तर तुझ्या नाकातून दूध आलं असतं का कधी?” जरा थांबून, बशीच्या कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली, “आणि तू मात्र माझ्यासाठी रोज कामावरून अशी येतेस, उपास सोडायची वाट बघत असल्यासारखी. तोंडानं काही म्हणत नाहीस. पण मला दिसतं. बाई, तुला कल्पना आहे का, ते बघत बसायला किती जड जातं?”

मला कल्पना नव्हती. मी लोकांच्या डोळ्यांत बघून पोट भरते, आणि माझ्या चेहऱ्याकडे कुणी बघत असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बोलता बोलता आम्ही फोडी खात होतो, सवयीनं, आणि बशीत एक उरली होती. ताईनं बशी माझ्याकडे सरकवली. तोंडात शब्द आला, तू घे. मी तो गिळला. टेबलावरचा डोळा माझ्याकडे बघत होता, त्याची ती मोठी बाहुली, आणि मला वाटलं, जो माणूस रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पिईल त्याला हाच डोळा लागणार, तो लहान बाहुलीचा काय कामाचा? “त्यांचा नंबर फाइलवर आहे,” मी म्हटलं. “सोमवारी सांगते, की आधीचाच बरोबर होता.” ताईनं नुसती हनुवटीनं बशीकडे खूण केली.

मी फोड उचलली. अजून पांढरी होती. किती वर्षांनी मी शेवटची फोड खात होते. ती इतर फोडींसारखीच लागत होती आणि तरी मला ती इतकी गोड लागली की मी डोळे मिटले, आणि हावरटासारखी, आवाज करत खाल्ली. डोळे उघडले तर ताई माझ्याकडे बघत होती. ऊन तिच्या तोंडावर होतं, भर दुपारचं. अशा उन्हात बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते, हा नियम आहे. ताईची पसरली होती. चष्म्याच्या काचेमागं, त्या सगळ्या उजेडात, काळीभोर, मोठी.

“आता आणखी एक काप,” ताई म्हणाली. “त्यातली शेवटची मी खाणार.”